पत्र न आलेली मुलं

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीला अकरा वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसानंतर तीन-चार दिवस ती दुपारच्या रणरणत्या उन्हात फाटकापाशी पोस्टमनची वाट बघत उभी असायची. अखेर एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबा, मले काहून नाई आलं पत्र?"

हे पत्र म्हणजे हॅरी पॉटरला येतं ते. जे. के. रोलिंग यांच्या या मालेतलं पहिलं पुस्तक १९९७ साली आलं, सातवं २००७ साली. मराठीत पहिल्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. जिन्याखालच्या कपाटात झोपणाऱ्या पोरक्या मुलाला अकराव्या वर्षी जादूच्या शाळेचं पत्र येतं आणि त्याचं आयुष्य पालटतं.

नातीशी बोलता यावं म्हणून मी ही पुस्तकं हाती घेतली आणि, कबूल करतो, जेवणाची वेळ विसरलो. त्यातली ग्रिंगॉट्स बँक तर मला घरचीच वाटली. तिथलं चलन मात्र अजब! एकोणतीस नटांचा एक सिकल, सतरा सिकलांचा एक गॅलियन; म्हणजे एका गॅलियनचे ४९३ नट. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ साली आली, खुद्द ब्रिटननं १९७१ साली स्वीकारली. जादूगारांच्या कॅशियरची मला खरोखर कीव आली. आणि जादूच्या आगगाडीचं म्हणाल, तर अकोटच्या माणसाला तिचं काय नवल? आमच्या मीटरगेजची गाडी खंडव्याकडे जाताना धूळघाटला डोंगरात वेढा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची. २०१७ साली ती बंद झाली.

माझ्या वडिलांना नाथमाधवांची 'वीरधवल' माझ्या हातात दिसलेली खपत नसे. तेव्हा अद्भुतावर माझा आक्षेप असण्याचं कारणच नाही. माझी अडचण वेगळी आहे. ते पत्र सगळ्यांना येत नाही. ज्याच्यात जन्मतः जादू आहे त्यालाच येतं. बाकीचे 'मगल', म्हणजे तुम्ही-आम्ही, बहुतेक करून हसण्यासाठी.

कुणी म्हणेल, लेखिकेचा खलनायकच शुद्ध रक्ताचा अभिमानी आहे आणि सर्वांत हुशार हर्मायनी दंतवैद्यांची, मगलांची मुलगी आहे. अगदी खरं. रक्ताच्या गर्वावर लेखिकेनं ओढलेले कोरडे मला मनापासून आवडले. पण हर्मायनीलासुद्धा पत्र आलेलंच असतं. अभ्यास ती नंतर करते.

मला छळतो तो शाळेचा रखवालदार फिल्च. जादूगारांच्या घरात जन्मलेला, पण अंगात जादू नसलेला. दुसऱ्या पुस्तकात कळतं, की तो टपालानं जादूचा अभ्यासक्रम मागवून चोरून शिकू बघतोय. माणूस खाष्ट आहे, मुलांना छळतो, हे मान्य. पण त्याचं ते पाकीट हॅरीच्या हाती लागतं, तेव्हा तो शरमेनं लाल होतो आणि आपण हसायचं असतं. मला हसू आलं नाही. नोकरी सांभाळून, मुलं झोपल्यावर, बँकेच्या खात्याअंतर्गत परीक्षांची पुस्तकं घेऊन बसणारे कितीतरी सहकारी मी पाहिले आहेत. त्यांतला एक मीही होतो. आम्हाला कुणाचं पत्र आलेलं नव्हतं.

आपल्या मुलांना 'तू निवडलेला नाहीस' हे सांगणारी ठिकाणं आधीच भरपूर आहेत. आडनाव आहे, शाळा आहे, गुणपत्रिका आहे. निदान गोष्टीत तरी दार सताड उघडं असावं, असं या म्हाताऱ्याला वाटतं. मराठी नावातला तो परीस बघा. लोखंड कुठल्या खाणीतलं, हे तो विचारत नाही. लागला की सोनं करतो.

म्हणून पुस्तक मी काढून घेतलं का? छे! चौथा भाग मीच अकोल्याहून आणून दिला. फक्त नातीला फिल्चबद्दल विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, त्याले कोनी शिकवलंच नाई ना."

फाटकापाशी ती आता उभी राहत नाही. त्याचं बरं वाटतं, आणि थोडं वाईटही.