चित्रातली विरळणी



मागल्या पंधरवड्यात निफाड तालुक्यात एका द्राक्षबागायतदाराच्या ओसरीवर बसलो होतो. चहा येईपर्यंत त्यांच्या आठवीतल्या मुलीने चित्रकलेची वही पुढे केली. तिला कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे आहे आणि स्मरणचित्र काही केल्या जमत नाही. विषय होता ‘आमचा मळा’. कागदावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, पूल, नारळाचे झाड (निफाडच्या मळ्यात!), विहीर, बैलजोडी, ट्रॅक्टर, कांद्याची चाळ, आई, आजी, कुत्रा आणि वर बगळ्यांची माळ.

वडील म्हणाले, “साहेब, हिच्या हातात कला नाही. उगाच फी कशाला भरायची?” पोरीने मान खाली घातली.

मी चित्र पुन्हा निरखले. बैलाचे वशिंड, शिंगांचा बाक अगदी हुबेहूब. हात चांगला होता. कागदावर गर्दी झाली होती. मी वडिलांनाच विचारले, “अण्णा, वेलीवर आलेले सगळे घड ठेवता का?”

“छे! जादा घड काढले नाहीत तर एकही नीट पोसत नाही.”

“आणि ठेवलेल्या घडातले मणी?”

“तेही विरळावे लागतात.” एवढे बोलून ते हसले. पुढचे त्यांना सांगावे लागले नाही.

ही चूक मीही केलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कांद्यावरील फुलकिड्यांचे भित्तीपत्रक मी स्वतः रंगवले होते. त्यात कीड, पात, फवारणी पंप, औषधाची बाटली, शेतकरी, त्याचे घर, सगळे होते. सभेत एक आजीबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, “साहेब, यात बघायचं काय?” ज्या किड्यासाठी सारा खटाटोप, तो कोपऱ्यात तिळाएवढा राहिला होता. दुसऱ्या पत्रकावर मी एकच पात काढली, कागदभर, आणि तिच्या बेचक्यात किडे.

असो. मी मुलीला रिकामी काडेपेटी आणायला सांगितली. आतला खण काढून टाकला, वरचे कवच एका डोळ्यासमोर धरायला लावले. “आता दारातून बघ.” चौकटीत आजी कांदे निवडत बसलेली, पुढे कांद्याचा ढीग, मागे अर्धी चाळ. डोंगर नाही, नदी नाही. “एवढंच?” ती म्हणाली. एवढेच पुरते.

मग पाटीवर चार लहान चौकोन आखले आणि प्रत्येकात नुसते आकार मांडले. आजी म्हणजे एक त्रिकोण, ढीग म्हणजे अर्धा गोल, चाळ म्हणजे लांबट पेटी. डोळे, नाक, बांगड्या काही नाही. पहिल्या चौकोनात आजी बरोबर मधोमध बसली, चित्र फोटोसाठी बसवल्यासारखे दिसले. दुसऱ्यात ती जरा डावीकडे सरकवली, तोंड उजवीकडे, म्हणजे तिच्या नजरेपुढे मोकळी जागा आली. तिसऱ्यात ढिगाने आजीचे गुडघे झाकले आणि आजीने चाळीचा काही भाग झाकला. एवढ्याने जवळचे जवळ आले, लांबचे लांब गेले. मुले सहसा प्रत्येक वस्तू सुटी सुटी काढतात, एकीला दुसरीचा धक्का लागू देत नाहीत. तिथेच चित्र सपाट होते. चौथ्यात जमीन आणि आकाश यांची रेघ मधून काढून वर नेली, कारण सांगायचे होते ते जमिनीवरचे. ढग सांगायचे असते तर तीच रेघ खाली आणली असती. रंगांचे पुन्हा केव्हातरी.

कोणी म्हणेल, वारली चित्रात तर सगळा पाडा असतो! असतो. पण लग्नाच्या चौकात मधोमध पालघट देवी असते आणि बाकीचे तिच्या भोवती. डोळा कुठे टेकवायचा हे ठरलेले असते. आपल्या त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले होते. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी भांडवल उभे करण्यासाठी एक छोटी फिल्म करून दाखवली. तिच्यात राजा नाही, दरबार नाही. कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो आणि वाढतो, इतकेच. शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा जवळचा दाखला मला तरी माहीत नाही.

माझा चहा निवाला होता. अण्णा काडेपेटीचे कवच डोळ्याला लावून आपल्याच बागेकडे बघत होते. मुलीने नवा कागद घेतला आणि विचारले, “काका, नारळ ठेवू का?” मी काही बोलण्याआधी आजीच ओसरीखालून म्हणाली, “नारळ राहू दे. मला काढतेस ना, मग लुगडं नवं काढ.”