बाटलीतला पहारेकरी

शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, तिच्या अंगाला कापलेली एक खिडकी आणि कोरोनाच्या साथीत घरोघर पोचलेले थोडे सॅनिटायझर. बाटली उलटी टांगायची, सॅनिटायझर बुचाकडच्या भागात ओतायचे, की जंगलाचा पहारेकरी तयार! अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सामान्य नागरिकांकडून परसदारी असे सापळे लावून घेतले आणि त्यात पडलेले भुंगेरे टपालाने मागवले.

दुखावलेल्या झाडातून मद्यार्काचा वास सुटतो. खोड पोखरणारे बरेच भुंगेरे त्या वासाचा माग काढत येतात. सॅनिटायझरमध्येही मद्यार्कच असतो. भुंगेरा फसून आत पडतो आणि ओळख पटेपर्यंत कुजतही नाही.

ही उठाठेव कशासाठी, हे २००२ साली जॉर्जिया राज्यात जे घडले त्यावरून कळते. सॅव्हाना बंदराजवळ पाहणीसाठी लावलेल्या सापळ्यात जेमतेम दोन मिलिमीटरचा एक परका भुंगेरा सापडला. तो मूळचा आशियातला, आपल्या भारतातलाही. मालाच्या लाकडी पेट्यांतून तो तिकडे गेला असावा. हा भुंगेरा लाकूड खात नाही. सोबत बुरशी नेतो, खोडात तिची शेती करतो आणि तीच खातो. दालचिनीच्या कुळातला तिथला रेडबे वृक्ष या बुरशीला अडवण्यासाठी स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो आणि तहानेने मरतो. सापळ्याने सूचना दिली होती. पण मरणारी झाडे आणि हा किडा यांचा संबंध उमगायला आणखी काही काळ गेला. पुढे कोट्यवधी रेडबे वाळले. अ‍ॅव्होकॅडोच्या बागाही सुटल्या नाहीत.

गंमत म्हणजे हा भुंगेरा मद्यार्काला फारसा भुलत नाही. त्याला झाडाचाच सुगंध हवा. त्यासाठी आमिष म्हणून कंकोळाचे तेल उपयोगी पडले. आपण विड्यात घालतो, तेच कंकोळ!

सापळ्याने झाडे वाचत नाहीत. चार-दोन किडे मेल्याने काय होणार? एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभारू शकते. पण किडा कुठवर आला, हे पाने सुकण्याआधी कळते, म्हणून रिकाम्या बाटलीचीही नोंद ठेवायची. शिवाय पंखांपेक्षा मोटारीतून त्याचा प्रवास लांबचा होतो. सहलीला निघालेल्या माणसांनी घरचे सरपण बरोबर नेऊ नये, असे तिकडे वारंवार बजावतात ते याचसाठी.