खोट्या आवाजाला कायद्याचा लगाम हवा

महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. आदल्या रात्री सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या म्हणविल्या जाणाऱ्या ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाने प्रसारित केल्या. निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा ओतल्याचा तो आरोप होता. दोघांनीही तो फेटाळला, सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली, आणि फिती तपासणाऱ्यांना त्या यंत्रनिर्मित असण्याची दाट शक्यता दिसली. परंतु तोवर मतदान सुरू झाले होते.

त्याच दिवशी नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक झाली व तिचा निकाल अवघ्या १,४५७ मतांनी लागला. त्या फितींचा या निकालाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र इतक्या थोड्या मतांवर खासदार ठरत असेल, तर शेवटच्या रात्रीचे एक असत्य किती महाग पडेल हे उघड आहे. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशमचा नियम येथेही लागू पडतो. असत्य घडविण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, खुलाशाचा मात्र कमी झालेला नाही. उद्या खरी ध्वनिफीतही ‘बनावट’ म्हणून झटकली जाईल.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(४) उमेदवाराच्या चारित्र्याविषयीच्या खोट्या विधानाला भ्रष्ट आचरण मानते. पण त्या निवडणुकीत पटोले उमेदवार होते, सुळे नव्हत्या! शिवाय या कलमाखाली निवडणूक रद्द करून घ्यावयाची, तर निकालानंतर याचिकाच करावी लागते. अशी सामग्री तीन तासांत हटवावी, असे आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावले. परंतु अशा सूचना म्हणजे कायदा नव्हे.

लोकसभा-विधानसभेचा कायदा संसदेचा; परंतु नांदेड-वाघाळा व लातूर महापालिकांचे, तसेच जिल्हा परिषदांचे निवडणूक कायदे विधिमंडळाच्या हाती आहेत. तेथे दिल्लीकडे बोट दाखविता येणार नाही. कृत्रिम ध्वनिचित्रावर ठळक खूण सक्तीची करावी, मतदानापूर्वीच्या ४८ तासांतील बनावटीस अधिक कडक शिक्षा ठेवावी, आणि तक्रारीचा निवाडा जिल्ह्यातील न्यायिक अधिकाऱ्याने चोवीस तासांत द्यावा. व्यंगचित्र, नक्कल, विडंबन यांना मात्र हात लावू नये.

सरकारविषयीचे खरे-खोटे सरकारनेच ठरविण्याची केंद्राची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली, हा धडा विसरता कामा नये. खोट्याला आवर घालताना टीकाकाराचे तोंड बंद झाले, तर रोगापेक्षा औषधच घातक ठरेल.