मरणाची तारीख कोण लिहिणार?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण किती जगेल, हे गाठीच्या तुकड्यावरून सांगणाऱ्या ‘बायोमार्कर’ची सध्या फार चलती आहे. शंभर जनुकं तपासा, भविष्य कळेल! ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टींनी २००६ साली असाच दावा छापला. २०११ साली तो निबंध मागे घ्यावा लागला. २०१० साली असे १६ अभ्यास कुणीतरी नीट तपासले, तर दवाखान्यात वापरावी अशी एकही जनुकयादी निघाली नाही. रुग्ण मूठभर, जनुकं हजारो. एवढ्या गर्दीत काहीतरी जुळतंच. (पंचांगवाल्यांचंही जुळतं.)

भरवशाचा मार्कर तोच, जो नव्या, अनोळखी रुग्णांवरही टिकतो. ईजीएफआर तसा आहे, पण तो आयुष्य मोजण्यापेक्षा कोणत्या गोळ्या लागू पडतील ते सांगतो. मार्कर टिकला का, हे ठरवायला मात्र रुग्णाचं पुढे काय झालं ते कळायला हवं. आणि नेमकं इथंच बीड गळतं. दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. माणूस दूर कुठल्या फडात वारला, तर ते मरण कोणत्या अभ्यासात येणार? मग उरतात फोन उचलणारे शहरी रुग्ण, आणि त्यांचेच आकडे आपल्याला लावायचे!

बार्शीत १९८७पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, गावोगाव फिरून. बार्शी, परांडा, भूमला जमतं ते केज-धारूरला का नको? आधी महागडं मशीन मागणाऱ्यांना एवढंच विचारा: सहा महिन्यांनी रुग्णाच्या दारात कोण जाणार? आणि दाराला कुलूप असेल, तर पुढे कोणत्या कारखान्यावर?