तर्काचे उचंत खाते

१ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी फ्लोरिडातील केप कॅनव्हरल येथे स्पेसएक्स कंपनीचे ‘फाल्कन ९’ रॉकेट तळावरच फुटले. उड्डाणाला दोन दिवस अवकाश होता. इंजिनांच्या चाचणीसाठी इंधन भरणे चालू होते. ‘आमोस ६’ हा इस्रायली उपग्रह जळाला, मनुष्यहानी मात्र टळली. धूर विरायच्या आतच निकाल लागू लागले. चित्रफितीतला ठिपका कोणाला परग्रहावरचे यान वाटला; कोणी प्रतिस्पर्धी कंपनीच्या छपरावर नेमबाज बसवला.

हे आठवले की मला अकोल्यातली आमची शाखा आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापसाच्या हंगामात एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. चहा येईपर्यंत शाखेने चोर ठरवलाही होता. रोखपालाच्या बहिणीचे लग्न तोंडावर होते ना! मीही मान डोलावली. रक्कम उचंत खात्यात, म्हणजे आमच्या भाषेत ‘सस्पेन्स’ला, टाकली. तिसऱ्या दिवशी चूक सापडली: भरण्याची एक पावती दोनदा नोंदली गेली होती. ती नोंद माझ्याच हातची होती. खाते मिटले, रोखपाल मात्र बदली होईपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलला.

उचंत खाते म्हणजे फरक मान्य, पण नाव अजून कोणाचेच नाही. स्पेसएक्सनेही बाहेरून काही आदळले का, हे तपासले. पण तपासणे वेगळे आणि ठरवणे वेगळे. जानेवारी २०१७ मध्ये निष्कर्ष आला. ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमच्या लहान टाक्या असतात. त्यांचे ॲल्युमिनियमचे अस्तर आणि कार्बनतंतूंचे वेष्टन यांच्यामधल्या फटीत ऑक्सिजन साचून पेटला असावा. नेमबाज कुठेच नव्हता.

आपणही वेगळे नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूचे भले मोठे कडे पडले. अमरावतीत आमच्या गल्लीत तोवर उल्का, विमान, क्षेपणास्त्र सगळे पडून झाले होते. काही जाणकारांनी प्रथम त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचे नाव घेतले. पुढे माग २०२१ सालच्या एका चिनी रॉकेटापर्यंत गेला.

तर्क जरूर करावा, पण तो उचंत खात्यात ठेवावा. चौकशी करणाऱ्यांनीही शोध कुठवर आला ते वेळोवेळी सांगावे, म्हणजे मधली जागा अफवा भरणार नाहीत. रकमेची चुकीची नोंद उलटवता येते. माणसाच्या नावे टाकलेला संशय तसा उलटवता येत नाही.