'कोयता' आणि काळोख्या कादंबऱ्या

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, मुकादमाच्या लेखी तो एक 'कोयता' असतो. उचल कोयत्याला मिळते, एकाने काम चुकवलं तरी खाडा, म्हणजे दंड, कोयत्यालाच पडतो. माणसाला अवजाराचं नाव देणारा हा शब्द बीड जिल्ह्यात इतका रुळलाय की कानाला खटकतही नाही. काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' (२००५) इथल्या वाचकांनी वाचावी, ती यासाठीच. त्या विज्ञानकादंबरीत मुलं वाढवली जातात ती अवयव काढून घेण्यासाठी. मोठी झाल्यावर पहारा नसतो, तरी कुणी पळून जात नाही. अवयव देण्याला तिथे 'दान' म्हणतात आणि मरणाला 'पूर्ण होणं'. सगळं शब्दांनीच निभावतं.

दुःख काय इथे कमी आहे, वर पुस्तकातलं कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. सरकारी समितीने २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे जवळपास सहांत एक. बातमी आली, चर्चा झाली, विरली. आकडा 'किती' ते सांगतो. पण पोटदुखी, कॅन्सरची भीती, खाड्याचा धसका अशा एकेका पायरीवर प्रत्येकाला आपलं वागणं शहाणपणाचं कसं वाटत गेलं, हे कादंबरीच सावकाश उलगडू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मराठी विज्ञानकथेने आशा दिली, मग हा काळोख का? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली, आणि पुढे त्यांच्या कथांनी कितीतरी वाचकांना विज्ञानाची गोडी लावली. ते ऋण मोठं आहे. पण गर्भाचं लिंग सांगणारं सोनोग्राफीचं यंत्र हेही विज्ञानच, आणि २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. मंजुळा पद्मनाभन यांच्या 'एस्केप' (२००८) या कादंबरीत अशा देशातून बायका पुरत्या नाहीशा झाल्या आहेत. एक मुलगी तीन काकांनी लपवून वाढवलेली आहे. तिला जगवण्यासाठी ते तिचं वाढणंच औषधांनी रोखून धरतात. प्रेमानेच. पुस्तकातलं सगळ्यांत अस्वस्थ करणारं हेच आहे.

तालुक्यांच्या ग्रंथालयांनी ही दोन्ही पुस्तकं मागवावीत. आधी 'एस्केप' वाचा.