विश्लेषण : ‘वर्कस्टेशन’ ग्राफिक्स कार्डावर गेमिंग परवडते का? ए२००० की ए४०००?

एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती भडकल्या. मायक्रॉन या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा मेमरी ब्रँड बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ग्राफिक्स कार्डावर बसणारी मेमरीही याच मोजक्या कंपन्या बनवतात. त्यामुळे नव्या कार्डाऐवजी जुन्या बाजाराकडे वळणाऱ्यांची नजर आता २०२१ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या दोन वर्कस्टेशन कार्डांवर जाते : आरटीएक्स ए२००० आणि आरटीएक्स ए४०००. कंपन्यांमधून बदललेल्या संगणकांबरोबर अशी कार्डे बाहेर पडतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, ‘मूळ किंमत बघा, हे व्यावसायिक कार्ड आहे’ हा विक्रेत्याचा हुकमी युक्तिवाद असतो. पण मूळ किंमत जास्त म्हणजे गेमिंग चांगले, हे समीकरण खरे आहे का?

वर्कस्टेशन कार्ड वेगळे कशामुळे?

चिपमुळे नाही, हे पहिले उत्तर. ए२००० मध्ये जीए१०६ ही चिप आहे आणि तीच गेमिंगसाठीच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० मध्येही आहे. ए४००० मधील जीए१०४ ही चिप जीफोर्स ३०७० मध्येही आढळते. दोन्ही ‘अँपिअर’ पिढीच्या. याच पिढीपासून एनव्हिडियाने व्यावसायिक कार्डांचे ‘क्वाड्रो’ हे जुने नाव सोडले.

फरक आहे तो चिपभोवतीच्या गोष्टींत. वर्कस्टेशन कार्डाची मेमरी ईसीसी प्रकारची असते, म्हणजे साठवलेल्या माहितीत एखादा बिट चुकला तर ती चूक ओळखून दुरुस्त करण्याची सोय तिच्यात असते. अभियांत्रिकी आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअर कंपन्या ही कार्डे तपासून प्रमाणित करतात. ड्रायव्हरचा भर नव्या गेमपेक्षा स्थैर्यावर असतो. शिवाय ही कार्डे कमी विजेत आणि कमी जागेत काम करतील अशी बेतलेली असतात. पुलाचे आरेखन किंवा यंत्राचा सुटा भाग तपासणाऱ्याला या साऱ्याचे मोल आहे. गेम खेळणाऱ्याला त्यातील बहुतेक गोष्टींचा उपयोग होत नाही, पैसे मात्र त्यांचेही मोजावे लागतात.

दोन कार्डांत फरक किती?

कागदावरचा फरक मोठा आहे. ए२००० मध्ये ३३२८ कूडा कोअर आहेत, तर ए४००० मध्ये ६१४४. ए२००० ची मूळ आवृत्ती ६ जीबी मेमरीची. पुढे १२ जीबीची आवृत्तीही आली. ए४००० मध्ये १६ जीबी मेमरी आहे. मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग ए२००० मध्ये सेकंदाला २८८ जीबी, तर ए४००० मध्ये ४४८ जीबी. एकूण गणनक्षमता अनुक्रमे ८ आणि १९.२ टेराफ्लॉप्स, म्हणजे जवळपास २.४ पट.

विजेची गरज मात्र दुप्पटच आहे : ७० वॅट आणि १४० वॅट. बाजारात आली तेव्हा ६ जीबीच्या ए२००० ची किंमत ४४९ डॉलर होती, तर ए४००० ची सुमारे १००० डॉलर. म्हणजे या दोघांचीच तुलना केली तर ए४००० महाग असूनही पैशाला किंचित जास्त जागते. प्रत्येक टेराफ्लॉपमागे ए२००० साठी ५६ डॉलर पडत होते, तर ए४००० साठी ५२.

गेममध्ये कोण किती धावते?

टेराफ्लॉप्सचा आकडा २.४ पट असला तरी गेममध्ये फ्रेमची संख्या तितक्या पटीने वाढत नाही. मेमरीचा वेग दीडपटच आहे, आणि बऱ्याच गेममध्ये प्रोसेसरही आड येतो. विशेषतः जुन्या ऑफिस संगणकाच्या प्रोसेसरबरोबर ए४००० बसवले, तर त्याची बरीच ताकद वाया जाते.

ढोबळमानाने सांगायचे तर ए२००० हे १०८० पी रिझोल्यूशनचे कार्ड आहे. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ यांसारखे स्पर्धात्मक गेम त्यावर सहज चालतात. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या जड गेमसाठी सेटिंग्ज खाली आणाव्या लागतात. त्याच चिपच्या जीफोर्स ३०६० च्या ते मागे राहते, कारण कोअर थोडे कमी आणि ७० वॅटच्या मर्यादेमुळे घड्याळवेग बराच कमी. ए४००० हे १४४० पी पर्यंत नेणारे कार्ड आहे. त्याची कामगिरी ३०६० च्या पुढे आणि ३०७० च्या मागे पडते. ३०७० ला २२० वॅट मिळतात, ए४००० ला १४०. फरक तिथे दिसतो.

मेमरीचा मुद्दा मात्र दिवसेंदिवस महत्त्वाचा होत आहे. २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’ या गेमची किमान अटच ८ जीबी मेमरीची आहे. ६ जीबीचे ए२००० तिथे अपुरे पडते. ए४००० च्या १६ जीबीला ही चिंता नाही. उलट ३०७० ची मेमरी ८ जीबीच आहे.

तेवढ्याच पैशांत जीफोर्स काय देते?

विक्रेत्याचा युक्तिवाद इथे कोसळतो. जीफोर्स ३०६० बाजारात आले ते ३२९ डॉलरला. त्यात १२ जीबी मेमरी आणि सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स. म्हणजे ए२००० पेक्षा १२० डॉलर कमी आणि वेग दीडपटीहून अधिक. ३०७० ची किंमत ४९९ डॉलर, गणनक्षमता २०.३ टेराफ्लॉप्स. म्हणजे ए४००० च्या निम्म्या किमतीत त्याच्याहून वेगवान कार्ड. प्रत्येक टेराफ्लॉपमागे दोन्ही जीफोर्स कार्डांचा खर्च २५-२६ डॉलर येतो, वर्कस्टेशन कार्डांच्या निम्म्याहूनही कमी.

वीजबचतीने ही तफावत भरून निघेल का? ए४००० आणि ३०७० यांच्यात ८० वॅटचा फरक आहे. रोज तीन तास पूर्ण ताकदीने गेमिंग केले तर वर्षाला सुमारे ८८ युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले तर बचत ८८० रुपयांच्या आसपास. ५०० डॉलरचा फरक या गतीने भरून निघायला काही दशके लागतील.

थोडक्यात, नवे घेताना केवळ गेमिंगसाठी वर्कस्टेशन कार्ड हा तोट्याचा सौदा होता. जुन्या बाजारातही नियम तोच : किंमत मूळ किमतीशी नव्हे, तर तेवढाच वेग देणाऱ्या जीफोर्सच्या आजच्या किमतीशी ताडून पाहायची.

मग ए२००० ला इतकी मागणी का?

त्याच्या आकारामुळे आणि ७० वॅटमुळे. मदरबोर्डावरील पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. ए२००० तेवढ्यात भागवते. त्याला वेगळी वीजवायर लागत नाही. त्याची उंची जेमतेम सात सेंटिमीटर आणि लांबी १७ सेंटिमीटरच्या आत आहे.

विंडोज १० साठीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर कार्यालयांनी बदललेले डेल, एचपी, लेनोवोचे छोट्या आकाराचे डेस्कटॉप जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. अशा डब्यात पूर्ण उंचीचे गेमिंग कार्ड मावत नाही. पॉवर सप्लाय लहान असतो आणि ग्राफिक्स कार्डासाठीची जादा वायरही बहुधा नसते. इथे ३०६० किंवा ३०७० चा प्रश्नच उद्भवत नाही. ए४०००ही बाद होते, कारण ते पूर्ण उंचीचे, सुमारे २४ सेंटिमीटर लांब असून त्याला सहा पिनांची वीजवायर लागते.

या खेळात ए२००० चा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले जीफोर्स ३०५० चे ६ जीबी मॉडेल. तेही ७० वॅटचे, आणि कमी उंचीच्या आवृत्तीतही मिळते. पण त्यात २३०४ कोअर आणि सेकंदाला १६८ जीबी मेमरीवेग आहे. ए२००० या दोन्हींत बरेच पुढे आहे. दोघांची किंमत जवळपास असेल तर ए२००० घेण्यात अर्थ आहे. जुने ए२००० नव्या ३०५० पेक्षा बरेच महाग सांगितले जात असेल, तर नव्या कार्डाची वॉरंटी जास्त मोलाची.

काम आणि गेम एकाच संगणकावर असेल तर?

इथे ए४००० ची बाजू भक्कम होते. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी सॉलिडवर्क्स वापरतो, त्यातील ‘रिअलव्ह्यू’सारखी सोय अधिकृतपणे प्रमाणित व्यावसायिक कार्डांवरच मिळते. थ्रीडी दृश्ये रेंडर करणाऱ्याला किंवा संगणकावरच एआय मॉडेल चालवून पाहणाऱ्याला १६ जीबी मेमरी लागते, कारण काम मेमरीत मावलेच नाही तर ते एक तर बंद पडते किंवा रांगत चालते. दिवसा काम आणि रात्री गेम असा वापर असेल, तर ए४००० चे जादा पैसे कामाच्या खात्यात टाकता येतात.

मात्र घरात ‘कामासाठी लागते’ असे सांगून कार्ड घेण्यापूर्वी काम कोणते, हे पाहायला हवे. ब्लेंडर किंवा प्रीमियर यांसारखी सॉफ्टवेअर जीफोर्सवरही उत्तम चालतात. महाविद्यालयाने सुचवलेल्या सॉफ्टवेअरला प्रमाणित कार्डाची अट आहे की नाही, हे त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर पाहता येते.

गेमरला कोणत्या उणिवा जाणवतील?

पहिली जोडणीची. दोन्ही कार्डांना एचडीएमआय पोर्ट नाही. ए४००० वर चार डिस्प्लेपोर्ट, तर ए२००० वर चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. टीव्ही जोडायचा तर ॲडॉप्टर आलाच.

दुसरी ड्रायव्हरची. नवा गेम येतो त्या दिवशी त्यासाठी सुधारलेला ड्रायव्हर जीफोर्सला मिळतो; व्यावसायिक कार्डांच्या ड्रायव्हरचे वेळापत्रक वेगळे असते. गेम चालतात, पण पहिल्या आठवड्यातील अडचणी अधिक जाणवू शकतात.

तिसरी पिढीची. डीएलएसएसद्वारे कमी रिझोल्यूशनचे चित्र वाढवण्याची सोय या कार्डांवर आहे, पण मधल्या फ्रेम तयार करणारे डीएलएसएस फ्रेम जनरेशन जीफोर्स ४० मालिकेपासून सुरू झाले. २०२३ मध्ये २९९ डॉलरला आलेल्या जीफोर्स ४०६० मध्ये ते आहे, आणि ते कार्ड ११५ वॅटवर चालते. ए४००० वर पैसे लावण्याआधी या कार्डाची किंमत विचारलीच पाहिजे.

चौथी आवाजाची. ए४००० एकाच खाचेच्या जाडीत बसवलेले आहे. त्याचा पंखा गरम हवा मागून बाहेर फेकतो. ताण आला की तो ऐकू येतो.

जुने कार्ड घेताना काय तपासावे?

एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जीफोर्स ३०६० वर इथेरियम मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारी मर्यादा घातली. वर्कस्टेशन कार्डांवर ती नव्हती आणि वीज कमी लागत असल्याने त्यांचाही मायनिंगसाठी वापर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली. त्यामुळे जुने कार्ड डिझाइन कार्यालयातून आले की दिवसरात्र चाललेल्या मायनिंगच्या मांडणीतून, हे विचारणे गरजेचे आहे. पंख्याचा आवाज, अर्धा तास ताण दिल्यावरचे तापमान आणि चित्रातील ठिपके-रेघा दुकानातच पाहून घ्याव्यात.

‘जीपीयू-झेड’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोअरची संख्या दिसते. ए२००० साठी ती ३३२८ आणि ए४००० साठी ६१४४ असायला हवी. लॅपटॉपमधील ए२००० मध्ये मात्र २५६० कोअर असतात. नाव तेच असले तरी कामगिरी तीच नव्हे. छोट्या डब्यासाठी ए२००० घेताना कमी उंचीची धातूची पट्टी सोबत आहे का, हेही पाहावे, कारण ती नसेल तर कार्ड डब्यात घट्ट बसत नाही. हे कार्ड दोन खाचांची जागा घेते, म्हणून आधी डबा उघडून जागा मोजणे उत्तम. कार्ड बसवल्यावर नियंत्रण पॅनलमध्ये ईसीसी बंद करता येते. ए४००० मध्ये त्यामुळे सुमारे १ जीबी मेमरी मोकळी होते.

निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न कार्डापासून नव्हे, डब्यापासून सुरू करावा. डबा छोटा आणि वीज मोजकी असेल तर ए२०००, शक्य तर १२ जीबीचे. डबा मोठा असेल आणि प्रमाणित कार्ड किंवा १६ जीबी मेमरी मागणारे काम खरोखर असेल तर ए४०००. डबा मोठा आणि हेतू फक्त गेमिंग असेल, तर जीफोर्सच. वर्कस्टेशन कार्डाची मोठी मूळ किंमत ही अभियंत्याच्या गरजांची किंमत आहे. त्या गरजा नसलेल्या खरेदीदाराने ती सवलतीतही का मोजावी, याचे उत्तर विक्रेत्याकडे क्वचितच असते.